खोटा प्रवासी जायलोसी

आमच्या डेड्झाच्या स्टँडवर मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, आणि रिकाम्या गाडीत परदेशी पाहुणा चढत नाही. म्हणून जायलोसीची गरज. बोचकं मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसायचा, दर दोन मिनिटांनी वेळ विचारायचा, उकडलेला कसाव्याचा कंद काढून पुन्हा बांधून ठेवायचा. सरोवराकडे निघालेल्या पाहुण्यांना वाटे, गाडी आता सुटणारच. ते बसले की हा मागच्या दारानं गुपचूप खाली. चौदा वर्षं हेच काम. गेला मात्र कुठंच नाही.

मग त्याच्या भाचीचा, मलिताचा साखरपुडा ठरला, खाली गोलोमोटीला. आमच्यात मुलीच्या मामानं कोंबडी आणि मुलाच्या मामानं कोंबडा एकमेकांच्या हाती दिला, की जुळलं. जायलोसीनं आदल्या दिवशीच मिनीबसवाल्या लामेकीला भाडं दिलं. लामेकीची गाडी नवी होती तेव्हा तिच्यात पहिला बसला होता तो जायलोसीच.

"खिडकी तुमची, मामा," लामेकी म्हणाला होता.

सकाळी टोपलीत कोंबडी घेऊन जायलोसी खिडकीशी बसला. शेजारी मी, त्याच साखरपुड्याला निघालेला. गाडी भरत आली तेवढ्यात पाठीवर पिशव्या घेतलेले दोघे परदेशी पाहुणे आले. जागा एकच उरलेली.

"मामा, उतरा आता."

"अरे, आज मी खरंच चाललोय."

गाडी खो खो हसली. मागून एक बाई म्हणाली, "काय सोंग वठवतोय! आज तर कोंबडीसुद्धा आणलीय."

मीही हसलो. मला ठाऊक होतं, तरी हसलो.

"लामेकी, तू तरी सांग यांना."

लामेकीनं त्याचं भाडं त्याच्या मुठीत परत कोंबलं. "दुपारच्या गाडीनं या की. पाहुणे दुप्पट देतायत."

जायलोसीनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मग टोपली माझ्या मांडीवर आली. "कोंबडी तरी पोचू दे," एवढंच बोलून तो उतरला.

दुपारची गाडी भरलीच नाही, हे मला नंतर कळलं. ओळखीचे लोक खिडकीत जायलोसी बघायचे आणि पुढं जायचे. तो बसलाय म्हणजे गाडी सुटायला अवकाश आहे, हे सगळ्यांना ठाऊक.

गोलोमोटीत ऊन कलेपर्यंत वाट पाहून कोंबडी धाकट्या मामानं दिली. मलिताच्या आईनं विचारलं, "आमचा जायलोसी कुठं राहिला?"

लामेकी पंगतीत जेवत होता. "बसला होता गाडीत. मग उतरला," तो म्हणाला.

मीही मान डोलावली.

ती टोपली अजून माझ्याच घरी आहे. तो मागायला येत नाही, आणि मी नेऊन देत नाही.