सात नंबरचं दुसरं पान

देवरे मॅडम छापलेले कागद खिडकीच्या काचेवर धरून बघायच्या. चोवीस कागदांची चळत उजेडात धरायची नि चौकटी एकमेकींवर बसतात का ते पाहायचं. केसभर समास हलला तरी पुन्हा छपाई. मी सातपूरच्या त्या कारखान्यात नवीन होते. मला हसू आलं. त्या म्हणाल्या, "हस पोरी. पण तपासणीला सगळ्या मशिनींना एकच माप लागतं."

कारखान्यात पत्रा कापणाऱ्या चोवीस प्रेस मशिनी होत्या आणि मॅडमच्या एक्सेल फाइलमध्ये प्रत्येकीचं एक शीट. दर सोमवारी तपासणीचे तक्ते छापून मशिनींवर लटकवायचे. पहिल्या शीटवर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्या शीटवर क्लिक, की सगळ्या शीटांचा एक ग्रुप; मग आडवा कागद, समास, सगळं एका पानात. एकदाच ठरवलं की चोवीसांना लागू. "आणि लगेच ग्रुप सोड," असं त्या दरवेळी बजावायच्या, "नायतर एकीच्या अंगावरचं लिहिलेलं सगळ्यांच्या अंगावर उमटतं."

एका सोमवारी सात नंबरच्या तक्त्यामागे एक कोरं पान आलं. मॅडमनी 'सगळं एका पानात' ही सेटिंग पुन्हा लावली. तेवीस तक्ते नेहमीसारखे आले. सातचा तक्ता मात्र एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत आला, बाकी कागद पांढराफटक. मी म्हटलं, "प्रिंटर बिघडला असेल."

मॅडम मूळच्या नामपूरच्या. एरवी आमच्यासारखं बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून अहिराणी आली. पडद्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "आठे कोनीतरी शे." इथे कोणीतरी आहे.

त्यांनी कंट्रोल आणि एंड दाबलं. कर्सरची चौकट एकदम उजवीकडे, खूप खाली, कोणी कधी जात नाही तिथे जाऊन थांबली. रकाना रिकामा दिसत होता. वरच्या पट्टीत मात्र मजकूर होता. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला: 'गार्ड उघडा असला तरी सात नंबर चालते. दोनदा सांगितलं. खैरनार.'

खैरनार म्हणजे मॅडमच्या आधी त्याच खुर्चीत बसणारे गृहस्थ. त्या सोमवारच्या दोन वर्षं आधी घरीच झोपेत गेले. तेव्हापासून सातचं एकच पान यायचं. छपाईची हद्द तक्त्यापुरतीच आखलेली होती, म्हणून ती लांबची ओळ छपाईत येत नव्हती; ती हद्द कोणीतरी काढली, असं नंतर कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं. फाइल उघडणाऱ्या आम्ही दोघीच. मी काढली नव्हती. मॅडमनीही नाही.

गार्ड म्हणजे साच्यापुढचा जाळीचा दरवाजा; तो उघडा असताना मशीन चालताच कामा नये. मॅडम तडक खाली गेल्या. सात नंबरवर पेठकडचा पोपट काम करत होता. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, गार्ड बंदच आहे की."

"उघडा. नि चालवा."

"उघडा असला की चालतच नाही ती."

"मग भीती कसली?"

पोपटने गार्ड उघडला. मॅडमनी लांब चिमट्याने जाड पुठ्ठा साच्यात सरकवला आणि सुपरवायझरांना बटण दाबायला लावलं. दट्ट्या खाली आला. पुठ्ठ्याचे दोन तुकडे झाले. गार्डचा स्विच कोणीतरी वायर जोडून बाद केला होता. पोपटने दोन्ही हात काखेत घातले नि म्हणाला, "अडकलेला तुकडा काढाया मी रोज हात घालतो, बाई."

मशीन त्या दिवशी बंद झाली, ती दुरुस्त होऊनच सुरू झाली. पुढे मॅडम तक्ता लटकवण्याआधी प्रत्येक गार्ड स्वतः उघडून बघायच्या. खैरनारांची ओळ त्यांनी पुसली नाही. अक्षरं तेवढी काळी केली.

त्या निवृत्त झाल्या त्या दुपारी मी धीर करून विचारलं, "मॅडम, त्या दिवशी घाबरला होतात ना?"

"खैरनारांना कशाला घाबरू? ते बिचारे सांगून गेले." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "त्याआधीची दोन वर्षं, पोरी, दर सोमवारी 'गार्ड ठीक' म्हणून तक्त्याखाली सही कोणाची होती? माझी. एकदाही उघडून न बघता."