फ्रेंच की इंग्रजी

शुक्रवारी सकाळी अल मवालेहच्या भाजी मार्केटमधून परतताना गाडीत मुलीने विचारलं, "आई, फ्रेंच घेऊ की इंग्लिश?"

मला वाटलं, कॉलेजचा विषय असेल. ती एकोणीस वर्षांची. मस्कतमध्येच वाढली, इथल्याच भारतीय शाळेत शिकली. नंतर आम्हाला कॅनडात कायम राहण्याचे कागद मिळाले, म्हणून मॉन्ट्रियलला कॉलेजात गेली आणि आता डिसेंबरच्या सुट्टीत घरी आली होती.

"कसलं फ्रेंच?"

"युनिट. मी आर्मी रिझर्व्ह जॉइन करतेय."

माझ्या मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या, त्या मी घट्ट धरल्या. नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला. मग तिने समजावलं. ही पूर्णवेळची फौज नाही. कॉलेज सांभाळून आठवड्यातली एक संध्याकाळ, महिन्यातला एक वीकेंड. मॉन्ट्रियलमध्ये तिला जमतील अशी दोन युनिट्स होती. एकात सगळा कारभार इंग्रजीतून चाले, दुसऱ्यात फ्रेंचमधून. फॉर्मवर एकावर खूण करायची होती. ती सैन्यात का चाललीय हे मला विचारायचं होतं, पण तिच्या दृष्टीने तो प्रश्न कधीच संपलेला होता.

"इंग्लिश. यात विचार कसला करायचा?" नवरा म्हणाला.

अल खुवैरच्या घरी पोचल्यावर मी साताऱ्याला वडिलांना फोन लावला. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वाटलं, ते तरी तिला दोन शब्द सांगतील. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आम्हाला हुकूम हिंदीत," ते म्हणाले. "उजव्याला दाहिना म्हणतात हेच मला ठाऊक नव्हतं. बाएँ म्हटलं की मला बाई ऐकू यायचं. पुढचा वळेल तसा मी वळायचो. एक दिवस मलाच पुढच्या रांगेत उभा केला. आता बघू कुणाकडं? सगळी गेली उजवीकडं, मी एकटाच डावीकडं. उस्तादानं मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या."

ती पोट धरून हसली. "मग आजोबा, तुम्ही... मराठीवालं युनिट का नाही घेतलं?"

"मला कुणी विचारलंच नाही गं."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "फ्रेंच घेते."

मी हतबुद्ध झाले. इतकं ऐकूनही? "अगं, तुझं फ्रेंच तोडकंमोडकं आहे ना?"

ती मराठी शब्द शोधत थांबत थांबत बोलली, "इंग्लिशमध्ये मी चुकले की... मीच चुकले, असं होतं. फ्रेंचमध्ये चुकले तर म्हणतील, शिकतेय. तिथे मला शिकणारी व्हायचंय, आई."

हे धाडस होतं की पळवाट, मला कळेना. अजूनही कळलेलं नाही. फॉर्मवर मातृभाषेचा रकाना होता. तिने मला विचारलं, "मराठी लिहू ना?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ मनात येत राहिलं, तिला मराठीत एक पत्र लिहिता येत नाही आणि मी इतक्या पटकन हो कसं म्हटलं?

फेब्रुवारीत तिचा फोन आला. युनिटने घेतलेल्या भाषेच्या परीक्षेत तिचं फ्रेंच कमी पडलं होतं. इंग्रजी युनिट तिला लगेच घ्यायला तयार होतं. मी म्हटलं, "मग घे ना ते! खलास." ती नाही म्हणाली. संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग लावला आणि तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसली. या वेळी पास झाली. फोनवर ती रडत होती. मी अभिनंदन करत होते आणि मनातून, ती नापास झाली असती तर बरं झालं असतं का, हेही चाचपून बघत होते.

शपथविधी शनिवारी होता. तिकडे सकाळ, आमच्याकडे संध्याकाळ. तिच्या मैत्रिणीने व्हिडिओ कॉल लावून फोन धरून ठेवला होता. आम्ही दोघं सोफ्यावर मोबाइल मधोमध धरून बसलो. एका मोठ्या हॉलमध्ये आठ-दहा मुलंमुली उभी होती. आमची डावीकडून तिसरी. एक अधिकारी काहीतरी म्हणाला, सगळ्यांनी उजवा हात वर केला. तो एक ओळ म्हणे, मागून ही मुलं म्हणत. तिचे ओठ हलताना दिसत होते. त्यातलं एक अक्षर आम्हाला समजत नव्हतं.

"झाली का शपथ?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"झाली असावी," मी म्हटलं. "हात खाली केलाय."