हूं म्हणणारं कोणी नव्हतं

“विसरली वाटतं. चल, उतर खाली.” परीक्षक वकीलसाहेब म्हणाले अन् सारा मांडव हसला.

मी विसरली नव्हती. मी थांबलती.

घाटंजीजवळच्या एका गावची शाळा. आमच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेऊन तीन-चार वर्षं झालती. मी सातवीत. गॅदरिंगात भाषणाची स्पर्धा, विषय ‘श्रमाची प्रतिष्ठा’. गुरुजीनं बाकीच्या पोरींले भाषण लिहून देल्लं. मले नाही. मग म्या मायचीच गोष्ट सांगाले घेतली. पाटलाच्या विहिरीवर माय घागर घेऊन उभी राहे. आपल्या हातानं पाणी काढाचं नाही, कोणी वरून ओतन तवाच घ्याचं. एक दिवस ऊन डोक्यावर आलं, कोणीच ओतलं नाही. “माय रिकामी घागर घेऊन परत निघाली,” इथवर सांगतलं, अन् थांबली.

आता आमच्यात गोष्टीची रीत अशी, का ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हणाचं. हूं आलं नाही तं आजी पुढं बोलेच ना. मले वाटलं, भाषणातबी तसंच असन. एवढी माणसं बसली, कोणी तरी म्हणन.

“विसरली नाही जी. हूंची वाट पाहून राह्यली,” म्या सांगतलं.

आता तं खुर्च्या हालल्या हसून हसून. पहिल्या खुर्चीवरचे पाटील तेवढे हसले नाही.

“मुली, हे भाषण आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “गोष्टी तुमच्या वस्तीत सांगायच्या, चुलीपाशी.”

गुरुजीनं माह्या दंडाले धरलं. मागं खांबापाशी माय उभी होती, वावरातून तशीच आलेली, कापसाची ओटी बांधलेली. मान खाली. विहिरीवर अशीच उभी राहे ते. अन् मी इथं काय करून राह्यलती? तेच. कोणी तरी ओतन म्हणून उभी.

म्या दंड सोडवला.

“दुसऱ्या दिवशी आमच्या बाया विहिरीवर गेल्याच नाही,” मी बोलली. “नाल्याच्या रेतीत हातानं झिरा उकरला. पाणी लागलं. आता कोणाले मागत नाही.”

हूं नाही. टाळी नाही. पण गोष्ट पुरी झाली, मंग उतरली. आपल्या पायानं.

दोन दिवसांत पाटलाच्या वावरातली मायची वेचणी बंद झाली. मायनं मले एका शब्दानं बोल लावला नाही. चूल फुंकता फुंकता एवढंच म्हणे, “बाई, झिरा किती खोल खंदला, ते सांगाचं राह्यलं तुह्यं.”

कमरेइतका, माय. बायाईचे नखं निघालते.

तवापासून लय सभांत बोलली मी. पोरी विचारतात, “आजी, भाषण कसं करावं?” मी म्हणतो, गोष्ट सांगा. आपली, खरी. घरात हूंसाठी थांबा, ते माह्या आजीची रीत आहे. मांडवात थांबू नका. मी थांबत नाही. ज्याले ऐकाचं नाही त्यानं उठून जावं. गोष्ट पुरी झाल्याबिगर मी खाली उतरत नाही.