अर्ध्या चेहऱ्याचा सूड

औषधाच्या त्या दुकानात शिरलं की काउंटरच्या टोकाला एक उंच स्टूल दिसे, आणि स्टुलावर रंगमावशी. खिडकी तिच्या अगदी डाव्या गालाला लागून. सकाळचं ऊन आधी तिच्या गालावर पडायचं आणि मग उरलंसुरलं दुकानाला मिळायचं. दुकान तिच्या भाचीचं. गोळ्या-औषधं भाची बघायची. चेहऱ्याला लावायचं जे जे काही असेल ते मावशीचं खातं.

"सुरकुत्यांवर काहीतरी द्या हो, पण स्वस्तातलं," असं म्हणत एखादी बाई आली की रंगमावशी आधी एकच विचारायची, "आत्तापर्यंत काय काय लावलंत? मोठ्यानं सांगा. लाजायचं नाही."

हा तिचा नियम. कबुली दिल्याशिवाय ट्यूब मिळायची नाही.

"शेजारणीनं लिंबू चोळायला सांगितलं होतं."

"शेजारीण दिसते कशी?"

"दिसते आपली माझ्यासारखीच."

"मग तिचं कशाला ऐकलंत?"

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसायच्या. मग मावशी कपाटातून तीनच वस्तू काढायची. दिवसा लावायचं सनस्क्रीन, साधं ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर आणि रात्रीसाठी कमी ताकदीचं रेटिनॉल. "हे तिसरं वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा. पोटुशी असाल तर मुळीच नाही. आधी कानामागे लावून चार दिवस बघा. रेघा पुसल्या जाणार नाहीत, फिक्या होतील. तेही सहा महिन्यांनी. उद्या सकाळी आरशासमोर उभं राहून मला शिव्या घालू नका."

चेहऱ्यांबद्दल ती बोलायची ते उगाच नव्हे. तीस वर्षं तिनं एका नाटक कंपनीत माणसं रंगवली होती. विशीतल्या मुलीची म्हातारी करायची तिची हातोटी अशी, की विंगेत उभा असलेला मुलीचा बापसुद्धा वाट सोडून बाजूला व्हायचा. ती आधी मुलीला म्हणायची, "रागव. आता हस. आता कपाळ आक्रस." जिथे घडी पडेल तिथेच रंगाची काडी फिरायची, एक रेघ इकडची तिकडे नाही. आपल्या मनानं रेघा ओढल्या तर माणसाचं मांजर होतं, म्हणायची. पहिल्या घंटेला पावडर, दुसऱ्या घंटेला ओठ, आणि तिसरी घंटा झाली की ती विंगेत आपल्या चेहऱ्यांकडे बघत उभी. पोटची पोरं शाळेत जाताना आई दारात उभी राहते तशी.

हे सगळं एका संध्याकाळी संपलं.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीचा मोठा प्रयोग, थिएटर भरलेलं, आणि नायिका आली ती पदरानं तोंड झाकून. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. पदर काढला तर दोन्ही गाल लालभडक, पुरळानं भरलेले. तिशी उलटल्याचा धसका घेऊन बाईसाहेबांनी रात्री कुठलंसं जालीम परदेशी मलम फासलं होतं. ते त्यांच्या उघड्या पर्समध्ये मावशीला स्पष्ट दिसलं. मावशी मलमाचं नाव घेणार, तोच बाईसाहेबांचा आवाज मेकअपच्या खोलीतून पार तिकीटखिडकीपर्यंत गेला, "हिच्या भिकार रंगांनी माझं तोंड भाजलं!"

आणि त्यांनी मावशीची रंगांची पेटी उचलून जमिनीवर उलटी केली. तीस वर्षांचे डबे घरंगळत खुर्च्यांखाली गेले. मालक छताकडे बघत राहिले. नटमंडळींना अचानक आपापल्या बुटांचे बंद आठवले. मावशीनं गुडघ्यांवर बसून डबे गोळा केले, तेव्हा एक माणूस तेवढा मदतीला वाकला, तो म्हणजे दिवेवाला.

त्यानंतर कुठल्याही कंपनीनं मावशीला बोलावलं नाही. "तोंड भाजणारी ती हीच का?" असं कुणी पाठीमागे विचारलं की तिच्या दाढेखाली खडा आल्यासारखं व्हायचं. पैसा गेला याचं तिला काही नव्हतं, भाचीनं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पण तिच्या हाताचं नाव गेलं होतं, आणि ते जिनं घालवलं तिनंच ते परत आणून द्यावं, एवढी एकच इच्छा तिनं अठरा वर्षं निखाऱ्यासारखी फुंकर घालून जिवंत ठेवली.

एका सकाळी एका क्रीमच्या कंपनीचा विक्रेता सोनेरी झाकणाची एक बरणी घेऊन आला. सोबत मोठा फोटो. फोटोत बाईसाहेब, गालावर बोट, त्वचा अंड्याच्या टरफलासारखी. खाली लिहिलं होतं, 'माझ्या चेहऱ्याचं गुपित, आता तुमच्या हाती.' किंमत ऐकून भाचीनं चष्मा काढून पुसला.

"आठ महिन्यांनी नाट्यगृहात मोठा कार्यक्रम आहे," विक्रेता म्हणाला. "बाईसाहेब स्वतः येणार. प्रेक्षकांना प्रश्नसुद्धा विचारता येतील."

"मावशी, ठेवायची का विकायला?" भाचीनं हळूच विचारलं.

"एक ठेव," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका गोड झाला होता की भाची घाबरली. "ती मीच घेणार."

त्या रात्रीपासून मावशीनं कपाळापासून हनुवटीपर्यंत मनातल्या मनात रेघ मारली. डाव्या अर्ध्याला बरणी, उजव्या अर्ध्याला आपल्या त्या तीन स्वस्त वस्तू. रंगवणाऱ्यांची ही जुनी पद्धत. नवा रंग आला की अर्ध्या तोंडाला लावून बघायचा, उरलेलं अर्धं साक्षीला. बरणी उघडताना ती रोज पुटपुटायची, "चला बाईसाहेब, तिसरी घंटा जवळ येतेय."

दोन महिने झाले आणि फरक दिसायला लागला. डावीकडे डोळ्याच्या कोपऱ्यात जाळं, उजवीकडे तेच जाळं विरळ. मावशी आरशात बघून एकटीच हसायची. अशात खोकल्याचं औषध न्यायला दिवेवाला आला. तो अजूनही नाट्यगृहात दिवे सांभाळायचा. मावशीनं त्याला सगळा बेत सांगितला. त्यानं तिचा चेहरा इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि मग खिडकीकडे बघितलं.

"मावशी, तू या स्टुलावर बसतेस त्याला किती वर्षं झाली?"

"नऊ. का रे दादा?"

"आणि ऊन कुठल्या गालावर येतं?"

मावशीचा हात डाव्या गालावर गेला आणि तिथेच राहिला. नऊ वर्षांच्या उन्हानं तो गाल आधीच चुरगाळून ठेवला होता. चेहरा वाचण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं स्वतःचा चेहरा तेवढा वाचला नव्हता. रागाच्या भरात तिनं बरणीला हरलेलीच बाजू दिली होती.

"जाऊ दे ना," दिवेवाला म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मावशी म्हणाली. "खोटा पुरावा तिनं केला होता. तोच मी केला तर मग ती कोण आणि मी कोण? नाही दादा. तिचं नाक कापायचं ते माझ्या हाताच्या सफाईनं. उन्हाच्या नाही."

त्याच रात्री तिनं बाजू बदलल्या. चांगला उजवा गाल बरणीला देऊन टाकला, आणि उन्हानं खाल्लेला डावा स्वतःकडे घेतला. स्टूलही हलवलं नाही.

"आणि हरलीस तर?" भाचीनं विचारलं.

"तर ती बरणी डोक्यावर घेऊन दारोदार विकीन."

सहाच महिने उरले होते. घाईघाईनं मावशी रेटिनॉल रोज फासायला लागली, तेही सढळ हातानं. आठ दिवसांत गालाची सालं निघाली. भाचीनं ट्यूब हिसकावून घेतली. "मावशी, कातडी तुझ्या रागावर चालत नाही! बायकांना काय सांगतेस? वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा. आणि सकाळी सनस्क्रीन, खिडकीत बसतेस म्हणून दुपारी परत." मावशी शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकत राहिली. पंधरा दिवस नुसतं मॉइश्चरायझर लावून बसली, आणि मग शिस्तीनं पुन्हा सुरुवात केली. अठरा वर्षं थांबली होती, पण ते पंधरा दिवस तिला जास्त जड गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. बाईसाहेब मंचावर मखमली खुर्चीत, समोरून मऊ दुधाळ उजेड. रंगलेल्या चेहऱ्यावरची प्रत्येक घडी तो उजेड पोटात घेतो. त्यांनी तो मागूनच घेतला होता. प्रश्नांची वेळ आली, आणि पाचव्या रांगेतून रंगमावशी उठून मंचाच्या पायऱ्या चढली.

बाईसाहेबांनी तिला ओळखलं. हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे विझले.

"मी ही बरणी सहा महिने उजव्या गालाला लावली," मावशी प्रेक्षकांना म्हणाली. अठरा वर्षांनी तिचा आवाज मंचावर होता. "डाव्याला लावल्या औषधाच्या दुकानातल्या तीन साध्या वस्तू. डावा गाल आधी जास्त खराब होता, माझी भाची साक्षीला आहे. दादा, समोरचे बंद कर. बाजूचा सोड."

वरून खटकन आवाज झाला. दुधाळ उजेड गेला आणि विंगेतून एकच आडवा झोत आला. आडवा झोत कुणाची भीड ठेवत नाही. मावशीनं आधी उजवा गाल त्यात धरला, मग सावकाश वळून डावा. सभागृहात कुजबुज उठली. नऊ वर्षं उन्हात बसलेला गाल दुसऱ्यापेक्षा नितळ होता. फार नाही, पण मागच्या रांगेतल्या माणसाला दिसेल इतका.

खरं तर सूड इथंच संपला असता. पण मंचावर दिवा एकाच माणसावर आहे आणि बाईसाहेब अंधारात आहेत, असं उभ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांना कुणी बोलावलं नाही, कुणी ढकललं नाही. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचे पाय आपोआप उठले, आणि बाईसाहेब मान उंचावून, हनुवटी तिरपी करून, सरळ त्या झोतात येऊन उभ्या राहिल्या.

पावडरीचे थर भेगाळलेल्या जमिनीसारखे उठून दिसले. त्याखाली सोललेले, लाल, रागावलेले गाल. पहिल्या रांगेतली एक मुलगी पटकन म्हणाली, "अगं बाई!" आणि मग हसू असं पसरलं की ते आवरायला पडदा पाडावा लागला.

मावशी घरी आली, जेवली, आणि बरणी पुढ्यात घेऊन बसली.

"जिंकलीस ना?" भाची म्हणाली.

"बरणी हरली," मावशी म्हणाली. "माझ्या हाताचं नाव अजून तिच्याकडेच आहे."

आठव्या दिवशी, भर सकाळी, दुकानात सात-आठ बायका असताना एक बाई आली. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर रुमाल. रांगेत उभी राहिली. मावशीनं चालीवरूनच ओळखलं, पण पुढे बोलावलं नाही. नंबर आल्यावर बाईसाहेबांनी रुमाल खाली केला. गाल पेटले होते.

"आग होते गं," त्या कुजबुजल्या. "डॉक्टरकडे गेले तर उद्या पेपरात येईल. तुला चेहऱ्यातलं कळतं. काहीतरी दे."

"आत्तापर्यंत काय काय लावलंत?" मावशीनं विचारलं. "सगळ्यांना विचारते मी. मोठ्यानं सांगा."

बाईसाहेबांनी बरणीचं नाव घेतलं. मग आणखी दोन मलमांचं.

"आणि अठरा वर्षांपूर्वी? त्या प्रयोगाच्या आदल्या रात्री?"

बाईसाहेबांनी भाचीकडे बघितलं. भाचीनं तोंड फिरवून कफ सिरपच्या बाटल्या मोजायला घेतल्या.

"तेव्हाही... मीच लावलं होतं," बाईसाहेब पुटपुटल्या. "तुझ्या रंगांचा दोष नव्हता."

"आवाज पडलाय तुमचा," मावशी म्हणाली. "शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे."

बाईसाहेबांनी डोळे मिटले, छातीत श्वास भरला, आणि जुन्या, भरदार आवाजात, रस्त्यावरची माणसं थबकतील असं म्हणाल्या, "तोंड मी माझ्या हातानं भाजून घेतलं होतं! हिचा हात स्वच्छ होता!"

मावशी स्टुलावरून उतरली. मागे गेली, साबणानं मनगटांपर्यंत हात धुतले, स्वच्छ पंच्याला पुसले. परत येऊन तिनं सगळ्यात साधं मॉइश्चरायझर काउंटरवर ठेवलं.

"दोन आठवडे हे सोडून काही लावायचं नाही. आग थांबली नाही तर डॉक्टर, पेपरात येवो नाहीतर न येवो." मग तिनं बाईसाहेबांची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली. "आता दाखवा बघू चेहरा. रागवा. तेवढं तुम्हाला छान जमतं."