पंपात उरलेलं औषध

आमच्या गावाकडे फवारणीच्या पंपात तळाला उरलेलं औषध कुणी ओतून देत नाही. महागामोलाचं असतं, वाया कसं घालवायचं? मग घरी येता येता बांधावरच्या तुरीवर, नाहीतर परसातल्या वेलावर मारून पंप रिकामा करायचा. मी नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि या रीतीचं नुसतं नाव निघालं तरी माझं डोकं तापतं.

त्या वर्षी या रीतीच्या तावडीत माझ्या आईचा भोपळा सापडला. बिलोलीच्या जवळ आमचं गाव. आईकडे लाल भोपळ्याचं एक घरचं बी होतं, तिच्या माहेरून आलेलं. फळ लहान, चपटं, दिसायला कुरूपच. पण गर असा की घाऱ्यांना गूळ नावाला टाकावा. बाजारच्या बियाला ती चव नाही. आई हे बी शेणात कालवून भिंतीला थापून ठेवायची. आदल्या पावसाळ्यात भिंत पाझरली आणि बी कुजलं. त्यातून सहा बिया धड निघाल्या. तीन उगवल्या, दोन रोपं कोंबड्यांनी उकरली. उरला एक वेल. तो गेला की बी संपलं, हे आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि शेती बघणाऱ्या थोरल्या भावालाही ठाऊक होतं.

श्रावणात आईचा फोन आला. "बाई, वेलाच्या पानांची चाळणी झाली. लाल किडे हायत."

मी सांगितलं, ते भुंगेरे. सकाळी गारव्याला सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाक. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मास्तरकीची खोड! त्यांच्या अळ्या मातीत राहून मुळं कशा खातात, याचं मी भलंमोठं व्याख्यान दिलं. आईनं त्यातलं मुळांचं तेवढं ध्यानात ठेवलं आणि भावाला जाऊन सांगितलं. म्हणजे काडी मीच लावली होती, हे कबूल करते.

शनिवारी पहिल्या एसटीनं मी गावी पोचले. वेल गोठ्याच्या पत्र्यावर पसरला होता, पिवळीधमक फुलं उमलली होती. मी एका फुलात डोकावले आणि जागीच थांबले. आत दोन फुलोरी मधमाश्या उलट्या पडलेल्या. दुसऱ्या फुलात तीन. एकीचे पाय अजून हलत होते, अंगभर पराग होता. पानांवरून औषधाचा तो उग्र वास येत होता. भाऊ हौदाजवळ पाय धूत होता, पंप शेजारीच टेकवलेला.

"दादा, वेलावर काय मारलंस?"

"सोयाबीनचं उरलं होतं अर्धा पंप. मुळ्या खाऊन राहिलेत म्हणलीस ना तूच?"

"फुलं उघडी असताना? माश्या मेल्या की सगळ्या!"

"माश्याच ना? त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं! भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासून असतो, पण नराचा पराग पोचला नाही तर तो चार दिवसांत पिवळा पडून गळतो. हा पराग जड, चिकट. वाऱ्यानं उडत नाही. तो पोचवते माशी, तेही सकाळच्या चार-पाच तासांत, कारण दुपारपर्यंत फूल मिटतं. शाळेच्या पुस्तकात हे सगळं आहे. भावानं यावर मार्क मिळवलेत!

आठवडाभरात जेवढी मादी फुलं होती तेवढी गळाली. आई म्हणाली, नजर लागली. तिनं गोठ्याच्या खांबाला जुनी चप्पल बांधली. मी फोनवरच तिच्यावर ओरडले, "चप्पल बांधून पराग येतोय का, माय?" पलीकडून रडण्याचा आवाज आला. मला स्वतःचीच लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

मी रजा टाकून गावी गेले. उजाडायच्या आत पत्र्याला शिडी लावायची, ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून आतला दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. आई खाली उभी राहून हसायची. "बाई, फुलांची लग्नं लावून राहिली व्हय गं?" पहिलं फळ गळलं. दुसरं सडलं. तिसरं धरलं, आणि ते एकच.

दसऱ्यानंतर ते पिकलं. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नसतो. पहिली सुरी पुरुषानं लावायची. त्यामुळे मान भावाचा. आईनं बी द्यायचं कबूल केलं होतं म्हणून गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. भावानं सुरी खुपसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "समदं गळून राहिलं होतं. अर्धा पंप मारला, तवा कुठं हे एक टिकलं बघा."

मी म्हणाले, "दादा, ते मी हातानं—"

"तू बी केलीस की मेहनत. न्हाई कोण म्हणतंय?"

बायकांनी त्याला औषधाचं नाव विचारलं. त्यानं डबाच आणून दाखवला. आई ओट्यावर बसून बियांच्या पुड्या बांधत होती. प्रत्येकीच्या हातात पुडी देताना ती बजावत होती, "फुलं लागली की एकडाव फवारा मारायचा बरं का."

मला राहवलं नाही. "माय, तू शिडीखाली उभी होतीस! डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं की," आई पुडी बांधता बांधता शांतपणे म्हणाली. "पण शिडीवर चढून फुलं जोडायला ह्या समद्यांच्या घरी मास्तरीण कुठून आणू?"

"माश्या होत्या की गं, माय!" मी ओरडले. तोवर शेवटची बाई पुडी पदरात बांधून फाटकाबाहेर पडली होती.