अश्विनीचा सुविचार

रेवा, निहार,

तुमच्या शाळेच्या लायब्ररीतून कोणती पुस्तकं काढून टाकायची यावरून पालकांची मीटिंग झाली आणि आवाज चढले, असं तुमची आई रविवारी फोनवर सांगत होती. निहारने मागून विचारलं, "आजी, तुझ्या शाळेत असं व्हायचं का?" व्हायचं. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहून पाठवते. आईकडून वाचून घ्या. तिला मधलं गाळायची सवय आहे, लक्ष ठेवा.

सकाळचे साडेदहा. नाशिक रोडच्या आमच्या सरकारी शाळेत, मुख्याध्यापिकेच्या म्हणजे माझ्या टेबलासमोर पोपटराव उभे होते. खुर्ची दिली तरी बसेनात.

"मॅडम, ते पुसा आधी. मग बोलू."

"ते" म्हणजे गेटजवळच्या फळ्यावरचा सुविचार. आपल्याकडे बहुतेक शाळांत असा फळा असतो. हजेरी क्रमांकाप्रमाणे रोज एका मुलाने त्यावर एक चांगलं वाक्य लिहायचं आणि खाली ते म्हणणाऱ्या थोर माणसाचं नाव. मुलं ते कॅलेंडरच्या मागून उतरवतात. वेळेचं महत्त्व आमच्याकडे वर्षातून सात-आठदा यायचं, दरवेळी वेगळ्या थोर माणसाच्या नावावर. त्या दिवशी पाळी होती सातवीतल्या अश्विनीची, पोपटरावांच्या मुलीची. तिने लिहिलं होतं:

"मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही, म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही."

खाली थोर माणसाच्या जागी: अश्विनी, सातवी ब. अक्षर सुरेख होतं.

पोपटराव मूळचे देवळ्याकडचे, एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात कंत्राटी कामगार. "रिक्षावाले थांबू-थांबू वाचतेत. संडास अन् खाली माझ्या पोरीचं नाव! उद्यापासून ती घरी. पोरगी माझी हाय, मी ठरवणार."

"पोरगी तुमचीच. पण तिने खोटं लिहिलंय का?"

"खरं हाय म्हणून गेटावर लिहायचं? घरी बोलायचं ना."

"घरी बोलली नव्हती?"

"तिच्या आईला बोलली असंल."

मला तर कुणी सांगायचीही गरज नव्हती. चौकटच कुजली होती. कडी ठोकली की आठवडाभरात खिळे लाकडासकट बाहेर यायचे. नव्या दारासाठी मी वर पत्रं पाठवली होती, जावक क्रमांक टाकून. पत्र गेलं म्हणजे काम झालं, असं समजून मी बसले होते.

एवढ्यात केंद्रप्रमुख आले. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण दुपारी त्यांचे साहेब व्हिजिटला येणार होते आणि त्यांनी येतायेता फळा वाचला होता.

"बाई, हा सुविचार आहे की तक्रारपेटी? ताबडतोब पुसा. आणि उद्या परिपाठात त्या मुलीने माफी मागायची. सगळ्यांसमोर."

परिपाठ म्हणजे तुमची असेंब्ली.

पोपटरावही पुसा म्हणायलाच आले होते. पण आता त्यांचे कान लाल झाले.

"माफी कशाची?"

"आपण कोण?"

"बाप."

"मग समजवा ना मुलीला."

"काय समजावू? पाणी पी म्हणू, का नको पिऊ म्हणू?"

केंद्रप्रमुखसाहेब माझ्याकडे वळले. मी कपाटातून शेरेबुक काढलं. शाळेत आलेला अधिकारी या वहीत सूचना लिहून सही करतो. प्रत्येक सूचनेवर शाळेने काय केलं, त्याचा अहवाल वर पाठवावाच लागतो. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही पुढे ठेवलं.

"सर, तुमची सूचना मान्य. फक्त यात लिहून द्या. कोणतं वाक्य पुसायचं आणि कोणत्या चुकीबद्दल माफी मागायची."

साहेबांनी सुरुवात केली. "फळ्यावरील 'मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही'..." आणि पेन थांबलं.

"हे वर जाईल?"

"जाणारच. माझ्या जुन्या पत्रांच्या प्रतीही जोडते. फाइल तयार आहे."

माझ्या नीटनेटकेपणाला तुमचे आजोबा आयुष्यभर हसले. त्या फाइलला लेबलसुद्धा होतं.

"बाई, तुम्ही भलत्याच खवचट आहात," साहेब म्हणाले. त्यांनी 'फळ्यावरील' एवढा शब्द खोडला आणि वाक्य पुरं केलं: "...असे भेटीत आढळले. नवे दार तातडीने बसवावे." खाली सही. आढळलं म्हणे! त्या बाजूला ते फिरकलेही नव्हते.

पोपटराव तेव्हा कुठे खुर्चीत बसले. "असं लिहून घेता येतं व्हय?" त्यांनी विचारलं. मी चहा सांगितला.

मोठे साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. दार मात्र दहा दिवसांत आलं, चौकटीसकट.

अश्विनी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. माफी कुणी मागितली नाही. सोडायला आलेले पोपटराव एवढंच म्हणाले, "मॅडम, लिहू द्या, पण पोरींचं नाव गेटावर नको." हे मला पटलं. पालकच जास्त असलेल्या आमच्या शाळा समितीत ठरलं: शनिवारी मुलांनी स्वतःचं वाक्य लिहायचं. नाव घालायचं की नाही, ते घरी विचारून. एका पालकाने विचारलं, "आमच्याबद्दल लिहिलं तर?" मी पुढचा विषय घेतला.

मी शिकले ते एवढंच. कुणी गप्प करायला आलं तर वाद घालू नये. हुकूम लेखी मागावा आणि पेन आपणच पुढे करावं.

मी निवृत्त झाले. अश्विनी नर्सिंगला आहे. शनिवारचा फळा अजून मुलांकडेच आहे.