शालिनीच्या नणंदेला इंग्रजीतून बोलावणं

बाळांनो, गेल्या शनिवारी तुमच्या मेधाआत्याकडे घरभर पाहुणे जेवायला आले आणि त्यांतल्या एकालाही आम्ही ओळखत नव्हतो.

मी सध्या इथे आखातात, अल बर्शाला तिच्याकडे आहे. नुसतं बसून राहणं मला जमत नाही (तुमचे आजोबा म्हणतात, मी झोपेतही उशा रांगेत लावते). म्हणून बिल्डिंगमधल्या चार मराठी बायकांना इंग्रजी संभाषण शिकवायला घेतलं. विषय, गाठीभेटी आणि करमणूक. कम ओव्हर, ड्रॉप इन, हँग आऊट, ईट आऊट, अशी सगळी जोडक्रियापदं! मंगळवारी मी नमुन्याचं वाक्य घोकून घेतलं : "डू कम ओव्हर ऑन सॅटर्डे ॲट सेव्हन. वुई विल हँग आऊट." वाक्यात पत्ता हवा, म्हणून आमचाच फ्लॅट नंबर घातला. वर सांगितलं, "घरी जाऊन फोनवर सराव करा." म्हणजे एकमेकींशी! पण हे शेवटचे दोन शब्द सांगायचे राहिले.

त्या चौघी आपल्याच शाळांत शिकलेल्या. बाईंनी दिलेल्या उत्तरातला स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नसतो, हे त्यांच्या हाडामांसात भिनलेलं! मग पत्ता कोण बदलणार?

शनिवारी सातला बेल वाजली. दारात केक घेतलेलं एक जोडपं.

मेधा कुजबुजली, "आई, हे कोण?"

"तुझ्या ऑफिसचे असतील."

"माझ्या ऑफिसचे असते तर तुला विचारलं असतं का?"

पुन्हा बेल. पुन्हा. ओट्यावर घरच्यांपुरतं पिठलं रटरटत होतं आणि हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. तेवढ्यात माझ्या विद्यार्थिनी धावत वर आल्या. वसईच्या फिलोमिनाने तर तिच्या दातांच्या मल्याळी डॉक्टरांनाच बोलावलं होतं!

"सराव खऱ्या माणसावरच करायचा ना, टीचर?" ती म्हणाली. मेधा फोनवर ओरडत होती, "भय्या, बिर्याणी! हां, सबके लिए! यल्ला, जल्दी!"

सगळ्यांच्या मागून तिसऱ्या मजल्यावरची शालिनी आली. चेहरा पांढराफटक.

"टीचर, घोळ झालाय. मी कुंदाताईंना फोन केला. माझी नणंद. डोंगरापलीकडे खोर फक्कानला असते."

"मग बिघडलं कुठे? बिर्याणी येतेय."

"अहो, आमचं कित्येक वर्षं बोलणं नाही! माझ्या मुलाच्या मुंजीच्या फोटोत त्यांचं डोकं कापलं गेलं, तेव्हापासून."

"मग नेमकी तीच कशी आठवली?"

"मराठीत फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला भांडण. इंग्रजीत मला भांडताच येत नाही! पाठ केलेलं म्हटलं आणि ठेवून दिला. येतील असं वाटलंच नव्हतं हो! आता खाली पार्किंग शोधतायत. हा घरचा अभ्यास होता हे कळलं तर खलास! या जन्मी तोंड बघणार नाहीत माझं."

शालिनी रडायच्या बेतात होती. मी टाळी वाजवून सगळ्यांना दम भरला, "क्लास का नाम कोई नहीं लेगा!" (इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला ऐन वेळी इंग्रजी सुचलं नाही, हे तुम्ही कुणाला सांगू नका.)

कुंदाताई आल्या त्या थर्माकोलचा खोका घेऊन. त्यात अख्खा हामूर मासा! ज्या स्वयंपाकघरात मी अंडंसुद्धा येऊ देत नाही, तिथे तो शेपटीसकट सिंकमध्ये विसावला. मी हसतच राहिले.

"शालू, घर बदललंस होय?"

"नाही... म्हणजे..."

"घर माझंच हो," मी मध्ये पडले. "शालिनी मला मुलीसारखी. हे घर तिचंच!"

सगळं निभावलं असतं. पण डॉक्टर भले गृहस्थ; माझा हिंदीतला दम त्यांना कळलाच नव्हता. माझा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणाले, "व्हॉट अ लव्हली होमवर्क, मॅडम!"

शालिनीने डोळे मिटून घेतले.

कुंदाताईंनी पदराने कपाळ टिपलं. "कळलं होतं मला. इतक्या वर्षांनी वहिनीचा फोन येतो आणि म्हणते काय, तर 'डू कम ओव्हर'! मागून आमचा दादा पुढचा शब्द सांगत होता, तेही ऐकलं मी."

"तरी आलात?" शालिनीने डोळे उघडले.

"मग? सराव करायला तुझ्या फोनमध्ये काय दुसरी नावं नव्हती? तू माझंच काढलंस ना? उगाच नाही डोंगर ओलांडून आले!"

आणि दोघी गॅलरीत गेल्या. आधी भांडल्या, मग रडल्या, मग मुंजीचा तो फोटो फोनवर उघडून एवढ्या हसल्या की बिर्याणीवाला दारातच थबकला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी तिथेच खुर्चीत बसले आणि देवाचे आभार मानले. त्या अख्ख्या समेटात माझं एकही क्रियापद कामी आलं नव्हतं!

पण बसू देतील तर ना! कुंदाताईंनी गॅलरीतून हाक मारली, "टीचर, तो हामूर तेवढा खवले काढून ठेवा. वहिनीला माझ्या हातचं कालवण खाऊ घालते."

आता समेट मोडायची माझी काय टाप! नाकाला रुमाल बांधून मी सुरी उचलली आणि अंदाजाने चालवायला लागले. मागून त्यांचा आवाज कडाडला, "अहो, उलटं करताय! शेपटीकडून डोक्याकडे!"

बाळांनो, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढत आलेली तुमची आजी पाठ ताठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "हो, बाई!"